गुत्त्याचा कागद

लोणारच्या जुन्या गावात आमचं वडिलोपार्जित घर आहे. पांढऱ्या मातीच्या दीड हात जाड भिंती, सागवानी खांब, वर धाबं. गेल्या पावसाळ्यात धाब्याचा मागचा कोपरा बसला आणि माजघरातल्या देव्हाऱ्यावर पाणी ठिबकू लागलं. खरं तर ते पाच-सहा वर्षं ठिबकत होतं. देवानं कळ काढली, आम्ही कानाडोळा केला. यंदा मात्र ठरवलं: मागचं धाबं उतरवून स्लॅब टाकायचा, न्हाणीघर नवं करायचं आणि आतल्या भिंतींना छपाई करायची. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे प्लास्टरला छपाई म्हणतात, वाळूला रेती आणि ठेक्याला गुत्तं.

गुत्तं कोणाला द्यायचं हा प्रश्न नव्हता. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांवर ज्यांची करणी फिरली आहे, ते मिस्त्री हयात आहेत आणि अजून ओळंबा धरतात. प्रश्न कागदाचा होता. छत्रपती संभाजीनगरात एका ओळखीच्या वकिलाकडून मी चार पानी मसुदा करून आणला होता. मेहकरहून आत्या एसटीनं आली होती. दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षं दस्त हाताळून निवृत्त झालेली बाई. कोणी हातात लग्नपत्रिका दिली तरी आधी पाठीमागचा शिक्का शोधते. अशी आम्ही तिघं ओसरीवर बसलो. एका बाजूला आत्या, एका बाजूला मिस्त्री. मी मध्ये होतो, म्हणजे पैसे देणारा होतो.

मिस्त्री: भाऊ, हे काय आणलं?

मी: करार. वाचून घ्या, मग सही.

मिस्त्री: तुमच्या वडलाईसंग म्या दोन कामं केली. न्हाणी अन् हे ओसरी. कागद कुठी व्हता? ओसरी उभी हाय. तुमी तिच्यावरच बसून रायले.

आत्या: ओसरी उभी आहे हो. पण हिशोब कुठं उभा आहे? तुमचा आकडा आणि आमच्या बापूचा आकडा चार हजारांनी वेगळा होता, तो शेवटपर्यंत वेगळाच राहिला.

मिस्त्री: राहू द्या न ताई. चार हजारासाठी आमचं बोलणं नाई तुटलं. मयतीले म्याच पुढं व्हतो. कागद असता त चार हजार वसूल झाले असते अन् माणूस गेला असता.

यावर आत्याकडे उत्तर नसेल असं मला वाटलं. पण तिनं निराळ्याच बाजूनं सुरुवात केली.

आत्या: तुमचं एक खरं आहे, आणि ते मी नोकरीत असताना कोणाला सांगत नव्हते. तोंडी करार हा करारच असतो. १८७२ च्या करार कायद्यानं शब्दाला बाद केलेलं नाही. दोघं राजीखुशीनं बोलले, मोबदला ठरला, काम कायद्यातलं असलं, की झाला करार. कागद लागतो तो शाबितीला.

मिस्त्री: मंग झालं की! कायदाबी माह्याच बाजूनं हाय.

आत्या: शब्दाच्या बाजूनं आहे. पण कोणता शब्द, ते कोण सांगणार? बापू तर गेला.

मिस्त्रींनी तंबाखूची डबी काढली, आणि आत्यानं त्या मिनिटात माझा मसुदा ओढून घेतला. चष्मा वर केला, पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि तोंड वाकडं केलं. मला वाटलं होतं तिला तो आवडेल. वकिलाची भाषा होती, पक्षकार क्रमांक एक, पक्षकार क्रमांक दोन, सगळं होतं.

आत्या: हा कागद कुणी केला? यात पंचवीस ओळी 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' यांच्या पत्त्यात गेल्यात. कामाची ओळ एक. 'उभय पक्षांमध्ये ठरल्याप्रमाणे काम पूर्ण करून देईल.' काय ठरलं?

मी: ते तोंडी ठरलंय ना.

मिस्त्री (हसू दाबत): पाहा!

माझ्या फजितीला इथंच सुरुवात झाली. आत्या सांगू लागली की तिच्या टेबलावर आलेल्या असल्या कागदांपैकी कित्येकांत हीच ओळ असायची. लोक मुद्रांकावर खर्च करतात, नोटरीचा लाल शिक्का मारून आणतात, त्याला 'रजिस्टर केलं' म्हणतात, आणि आत लिहिलेलं असतं 'ठरल्याप्रमाणे'. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, आणि दुरुस्तीच्या गुत्त्याला नोंदणी लागतही नाही. मुद्रांकाचं म्हणाल तर शंभराच्या कागदाचे दिवस गेले, राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून पाचशे झाले. बांधकामाच्या कराराला रकमेप्रमाणे किती लागतो ते मुद्रांक विक्रेत्याला विचारायचं आणि तेवढाच घ्यायचा. मुद्रांक कमी पडला तर कागद कोर्टात वाचला जाण्याआधी फरक आणि दंड भरावा लागतो, एवढंच. काम खोटं ठरत नाही.

आत्या: मुद्रांक म्हणजे कागदाचं पागोटं. डोकं आत हवं ना.

मग डोक्याचा विषय निघाला आणि आमची सकाळ त्यातच गेली. पुढं मला पुष्कळ गोष्टी कळल्या, पण पैसे वाचवणारी गोष्ट ही एकच होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मसुद्यात दर 'प्रति ब्रास' लिहिलेला होता. मिस्त्रींनी बोट ठेवून विचारलं, "कोन्ता ब्रास?" मी म्हणालो, ब्रास म्हणजे ब्रास. ते उठले आणि अंगणात पडलेल्या रेतीच्या ढिगाजवळ गेले. रेतीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. तोच मिस्त्री आत आला आणि भिंतीपाशी उभा राहिला की ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. एकच शब्द अंगणात एक माप आणि घरात दुसरं. मालाला घनफूट, छपाईला आणि फरशीला चौरस फूट. कागदात नुसतं 'ब्रास' लिहून ठेवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाकडे पाहून मिस्त्रींना माझी कीव आली असावी.

मिस्त्री: बरं, चौरस फूट धरला. आता सांगा, भिंतीतली खिडकी मोजायची का नाई?

मी: खिडकीला छपाई कुठं असते? वजाच होणार.

मिस्त्री: अन् खिडकीच्या आतल्या चार कडा? त्या कोण साधणार? साध्या भितीले थापी मारली की झालं. कड साधाले गुण्या लागते, दोरी लागते, अर्धा दिवस जाते. म्हून आमी वजा करत नाई. सगळ्या गावाची रीत हाय.

आत्या: तुमची रीत. मालकाला माहीत असते का ती?

मिस्त्री: मालकाले शेवटच्या बिलात माहीत होते.

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की आत्याही हसली. मग मात्र त्यांनी जे सांगितलं ते मला अपेक्षित नव्हतं. तरुणपणी एका सरकारी शाळेच्या इमारतीवर ते कामाला होते. साहेब टेप धरायचे, कारकून मोजमापाच्या वहीत लिहायचा, आणि हे ऐकायचे. भारतीय मानकांचा, आयएस १२०० चा नियम त्यांना तोंडपाठ आहे, पुस्तक न पाहता: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक असेल तर काहीच वजा नाही, अर्धा ते तीन चौरस मीटर असेल तर भिंतीच्या एकाच बाजूनं वजा, आणि कडा त्यातच आल्या, तीनच्या वर गेलं तर दोन्ही बाजूंनी वजा, पण कडांची छपाई वेगळी मोजून मिळवायची. घरातली दारं-खिडक्या बहुतेक मधल्या मापात येतात. तीन बाय सातचं दार २१ चौरस फूट, तीन बाय चारची खिडकी १२. आमच्या घरात चार दारं आणि सात खिडक्या. एका बाजूनं वजा धरलं तर १६८ चौरस फूट. दीड ब्रासच्या वर.

आत्या: एवढं ठाऊक असून तुम्ही कागद नको म्हणता?

मिस्त्री: कागद काहून नको? मालकानं लिहिलेला कागद नको. चार पानं तुमची, सही माही. दंड कोणाले? मले. मुदत कोणाले? मले. पैसे उशिरा देल्ले तर तुमाले काय, हे कुठी लिहेल हाय? दाखवा.

मी चारही पानं चाळली. ते बरोबर होते. 'विलंब झाल्यास प्रतिदिन एक हजार रुपये दंड' माझ्या बाजूनं होतं. माझ्या विलंबाला एक ओळसुद्धा नव्हती.

आत्या: हा दंडही कोर्ट डोळे झाकून देत नाही, बरं. करार कायद्याचं कलम ७४. कागदात आकडा कितीही लिहा, नुकसान पाहून वाजवी तेवढंच मिळतं, आणि लिहिलेल्या आकड्याच्या वर नाही.

मिस्त्रींनी मग खिशातून एक वही काढली. रबर लावलेली, कोपरे झिजलेले, आत निळ्या बॉलपेनची बारीक अक्षरं. प्रत्येक कामाचं पान. तारीख, हजेरी, कोणाला किती उचल दिली, सिमेंटच्या किती गोण्या आल्या, किती गोण्या रात्री पावसानं धरल्या. 'कागद नव्हता' असं सकाळी म्हणणाऱ्या माणसाच्या कपाटात अशा वह्या तीस वर्षांच्या आहेत, असं त्यांनीच सांगितलं. आमच्या ओसरीचं पानही असणार. आत्यानं ते मागितलं नाही. चार हजारांचा विषय तिनं तिथंच सोडला, आणि मला वाटतं तो कागदानं नव्हे, वहीच्या झिजलेल्या कोपऱ्यानं मिटला.

एका पानावर लाल फुली होती. मी विचारलं.

मिस्त्री: जिना. एका घरी पाच खोल्याचं गुत्तं घेतलं. मधातच मालक म्हणे, मागून एक जिना काढ, पैशाचं पाहू. काढला. शेवटी म्हणे, जिना करारात नव्हता. अन् करार लिहेल व्हता, ताई. कागद व्हता म्हून माहे पैसे बुडाले. नसता त त्याले लाज वाटली असती.

आत्या: किती वर्षं झाली?

मिस्त्री: आठ.

आत्या: मग गेले. तीन वर्षांत दावा केला असता तर मिळाले असते. करार कायद्याचं कलम ७०. फुकट करण्याचा इरादा नसताना तुम्ही काम केलं आणि त्यानं त्याचा उपभोग घेतला, तर कागदात नसलं तरी भरपाई द्यावी लागते. तो रोज त्या जिन्यानं चढतो ना?

मिस्त्री: चढते. उतरते बी. मले कोणी सांगितलं नाई.

जुन्या घराच्या कामात 'मधातच' हा शब्द टाळता येत नाही. नवं घर कागदावर आधी उभं राहतं. जुनं घर उकरल्याशिवाय बोलत नाही. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या छत्रीचं जतन चालू होतं, तेव्हा जून २०२४ मध्ये पायथ्याशी दगड लागले, पुरातत्त्ववाले खोदत गेले आणि खाली देवळाच्या पायासकट शेषशायी विष्णूची भलीमोठी मूर्ती निघाली. आमच्या धाब्याखाली विष्णू निघण्याची आशा नाही, पण वाळवीनं पोखरलेला खांब निघेल याची खात्री आहे. मिस्त्रींनी खांबावर करणीच्या दांड्यानं ठोकून दाखवलं. दोन ठिकाणी आवाज पोकळ आला. म्हणून आम्ही ठरवलं की वाढीव कामाची वेगळी चिठ्ठी: काम काय, दर काय, तारीख, दोघांच्या सह्या, आणि काम त्यानंतरच. मी गावात नसलो तर व्हॉट्सअपवर. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे तो निरोपही पुराव्यात चालतो, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष अधिनियमात त्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं इतकंच. मिस्त्री म्हणाले, निरोपात आवाज नको, अक्षरात लिहा. आवाजात भाऊ 'हो' म्हणतात का 'होऊ दे' म्हणतात ते समजत नाही.

भिंतीत काही सापडलं तर, असंही कोणीतरी काढलं. आमच्याकडे गुप्तधनाची हौस जुनी आहे. आत्यानं गंभीरपणे सांगितलं की १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वरचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये! इतक्या वर्षांत तो आकडा कोणी बदलला नाही. मिस्त्री म्हणाले, तीस वर्षांत त्यांना एकदाच एक पितळी तांब्या सापडला. तोही मालकाच्या आजीनं लगेच ओळखला.

पैशाच्या हप्त्यांवर मात्र आवाज चढले. वकिलानं लिहिलं होतं, दहा टक्के रक्कम वर्षभर राखून ठेवावी.

मिस्त्री: वरीसभर? शेवटचा हप्ता म्हणजे आमची कमाई. आधीचे सगळे हप्ते मजुरी अन् सेंट्रिंगच्या भाड्यात जातात. तुमी माही कमाईच ठेवून घेता.

आत्या: आणि स्लॅब गळला तर? पैसे घेतलेला मिस्त्री पावसाळ्यात सापडतो का?

मिस्त्री: म्या सापडतो. पण दुसरे नाई सापडत, हे खरं.

आत्या: मग पावसाळाच लिहू. वर्ष नको. मृग ते हस्त.

मसुद्यातलं सर्वांत चांगलं कलम असं जन्माला आलं. पाच टक्के रक्कम हस्ताचा पाऊस उतरेपर्यंत मालकाकडे. स्लॅब कुठं पाझरला तर मिस्त्री स्वखर्चानं दुरुस्त करतील. नाही पाझरला तर १५ ऑक्टोबरला पूर्ण रक्कम. तारीख आत्याची. पाऊस लांबला तर काय, असं मीच विचारलं, तर दोघंही माझ्यावर एकदम उलटले. तरी १५ ऑक्टोबरच. त्या दिवशी पहिल्यांदा ती दोघं एका बाजूला आली.

पाण्याची ओळही मिस्त्रींनी घालून घेतली. पीपीसी सिमेंटच्या स्लॅबला किमान दहा दिवस पाणी धरून ठेवावं लागतं, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे पिण्याला टँकर येतो तिथं स्लॅबला पाणी कोण देणार? मालकाचं पाणी, की गुत्तेदाराचं? बुलडाणा जिल्ह्यात घाटावर हा प्रश्न सिमेंटच्या दरापेक्षा मोठा आहे, आणि माझ्या चार पानांत त्याचा पत्ता नव्हता. लिहिलं: पाणी मालक देईल, शिंपण्याची माणसं मिस्त्री देतील. रेतीच्या ट्रॅक्टरबरोबर रॉयल्टीची पावती आलीच पाहिजे, हेही लिहिलं. बिनपावतीची रेती आपल्या अंगणात पडलेली सापडली तर तलाठ्याशी बोलणं मिस्त्रींना करावं लागत नाही, ज्याचं अंगण त्याला करावं लागतं.

इथवर आत्याची सरशी होत होती. मग मिस्त्रींनी स्वतःचा कागद मागितला.

मिस्त्री: तुमचं झालं. आता माह्यासंग दोन रेजा येतील, तीन पोरं. त्याईले तुमच्या सहीचा कागद पाह्यजे. मंडळाले नव्वद दिवसाचं काम दाखवा लागते.

हा कागद मालकांना बहुधा माहीत नसतो. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव घालायचं तर मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नाव लागलं की मुलांना शिष्यवृत्ती, बाळंतपणाला मदत, अपघातात मदत. गावात लोक त्याला 'पेटीवाली योजना' म्हणतात, कारण पहिल्यांदा दिसते ती सुरक्षा साहित्याची पेटी.

मी: देतो की. नव्वद लिहून देतो.

आत्या: किती दिवस काम आहे आपलं?

मिस्त्री: पस्तीस-चाळीस.

आत्या: मग चाळीस लिही. नव्वद लिहिशील तर खरं काम केलेल्या बाईचं नाव खोट्या दाखल्यांच्या गर्दीत जाईल. उरलेले पन्नास दिवस दुसरे मालक लिहून देतील. दाखले जोडता येतात.

मिस्त्री: दुसरे मालक लिहीत नाईत, ताई. म्हून नव्वद मागतो.

आत्या गप्प बसली. मिस्त्रींचं म्हणणं कायद्यात बसत नव्हतं, तरी खोटं नव्हतं. आम्ही चाळीसच लिहायचं ठरवलं, आणि त्यांच्या वहीवरून जुन्या मालकांकडे मी स्वतः जाऊन उरलेले दाखले मागायचे. जाईन की नाही, ते सांगता येत नाही. आत्यानं ते कागदावर लिहून घेतलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. पाचही जणांचा सरकारी सुरक्षा विमा आहे का, हेही तिनं विचारलं. वर्षाला वीस रुपये हप्ता, अपघाती मृत्यूला दोन लाख. तिघांचा होता, दोघींचा नव्हता. चाळीस रुपये मी तिथंच काढून दिले. मिस्त्री म्हणाले, पैसे त्याईच्या खात्यात टाका, हप्ता खात्यातूनच जाते.

मिस्त्री: चोखोबा इथलेच न. मेहुणा राजाचे.

तो विषय त्यांनी का काढला, हे क्षणभर कळलं नाही. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचं जन्मगाव. मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर भिंत कोसळली आणि त्याखाली ते गेले, अशी परंपरा आहे. साल १३३८ सांगतात. नामदेवांनी हाडं शोधली, ज्या हाडांतून विठ्ठल ऐकू आला ती चोखोबांची.

मिस्त्री: त्या भितीखाली आणखी मजूर व्हते. त्याईच्या हाडात विठ्ठल नव्हता, म्हून कोण होते ते कोणाले माहीत नाई. हजेरीचा कागद असता तर नावं तरी राहिली असती.

सकाळपासून कागदाविरुद्ध बोलणारा माणूस हे बोलला. आत्यानं पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

दुपारी जेवणं झाली. मी मसुद्याचं नवं पान सुरू केलं: काम, मापाची रीत, दर, हप्ते, वाढीव चिठ्ठी, हस्त, पाणी, रेती, हजेरी. खाली दोघांच्या सह्यांची जागा, बरोबरीच्या उंचीवर. काम सुरू करण्याची तारीख लिहायची राहिली होती. मी म्हणालो, येता सोमवार.

मिस्त्री: कागदाचं म्हणता त मंग पयला कागद कोन्ता, भाऊ?

त्यांनी हात केला तिकडे गल्लीच्या टोकाशी दैत्यसूदनाच्या देवळाची भिंत दिसत होती. आमच्या दारातून देऊळ ऐंशी पावलांवर. केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर हा प्रतिबंधित भाग आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित भाग. १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनं आलेल्या शंभर मीटरच्या रेषेच्या आतच आमचं माजघर येतं. लहानपणी आम्ही त्या देवळाच्या चौथऱ्यावर लपाछपी खेळलो. कडांचं ते चांदणीसारखं कोरीव काम लपायला बरं पडायचं. त्या देवळाला आमच्या धाब्याबद्दल काही म्हणायचं असेल हे कधी डोक्यात आलं नाही.

आत्याला कायदा माहीत होता. आमचं घर त्या मापात बसतं हे तिनं मोजलं नव्हतं. प्रतिबंधित भागात नवं बांधकाम नाहीच. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं असलेलं घर असेल तर दुरुस्तीला परवानगी मागता येते, आणि ती सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जाते. परवानगीशिवाय केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. आणि कायद्यातल्या 'दुरुस्ती' या शब्दात पुनर्बांधणी येत नाही. धाबं उतरवून स्लॅब टाकणं ही दुरुस्ती की पुनर्बांधणी? नगरपरिषदेचं वेगळंच. फरशी, छपाई, रंग यांना ती विचारत नाही. भिंत हलली किंवा कॉलम उभा राहिला की नकाशा मागते.

मिस्त्री: म्या म्हणतो, उंची एक बोटभर बी वाढवू नका. उकलायच्या आधी चारी बाजूनं फोटू काढा, टेप धरून. मंगच अर्ज. सोमवारी म्या येणार नाई.

म्हणजे ज्या माणसाशी मी चार पानी कागद करायला आलो होतो, त्यानंच मला सांगितलं की अजून करारच करू नका. मी तारखेच्या जागी 'परवानगी मिळाल्यापासून पंधरा दिवसांत' लिहिलं.

अर्जाला मालकीचा कागद लागतो. आखीव पत्रिकेवर अजून आजोबांचं नाव आहे. वारस नोंद झालेलीच नाही. त्या नोंदीसाठी मी सकाळीच वारसांची यादी एका कागदावर लिहून ठेवली होती, तो आत्यानं उचलला. मोठ्या काकांची मुलं. मग आमचे वडील, म्हणजे मी. मग धाकटे काका. आणि शेवटी, चौथ्या ओळीत, माझ्या अक्षरात: 'आत्या (गरज पडल्यास)'.

तिनं ते वाचलं. मोठ्यानं नाही.

मिस्त्री: ताई, तुमी हक्कसोड केलं हाय का?

आत्या: केलं ना. बापूला म्हणाले होते, मला काही नको. भाऊबीजेच्या दिवशी.

मिस्त्री: तोंडी?

ओसरीवर काही वेळ कोणी बोललं नाही. मुलगी ही वडिलांची पहिल्या वर्गाची वारस, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. २००५ च्या दुरुस्तीनं तर जन्मानंच हिस्सा दिला. घरावरचा हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, तोंडी सोडलेला सुटत नाही. हे आत्याला सांगण्याची गरज नव्हती. तिच्या टेबलावर तीस वर्षं भाऊ बहिणींना घेऊन येत होते, आणि ती त्या बहिणींना विचारायची: बाई, राजीखुशीनं सोडता ना? वाचून दाखवलं ना तुम्हाला?

मी: आत्या, मला तसं म्हणायचं नव्हतं.

आत्या: मागते म्हणून लिहू नको, सोडलं म्हणूनही लिहू नको. वारस म्हणून लिही. आणि कंसातलं ते काढ.

मी पेन घेतलं, कंसावर रेघ मारली. तिनं माझा हात धरला.

आत्या: चौथ्या ओळीत का घातलंस? तुझे मोठे काका, मग मी. तुझा बाप माझ्या मागचा. दोन नंबरला लिही.

मी चौथी ओळ खोडून वर बाण काढू लागलो.

आत्या: खोडाखोड नको. नवा कागद घे.